वाचले म्हणता, मग गेले कुठे?

शनिवारी बाहेर जेवायचा बेत होता, तो रद्द केला आणि घरीच काहीतरी करून भागवलं. वाचले ना पैसे? नाही वाचले. ते आहेत तिथेच, रोजच्या खर्चाच्या खात्यात पडून, आणि मंगळवारपर्यंत कशात तरी विरघळून जातील. कशात गेले हे कुणाला सांगता यायचं नाही. सहलीसाठी काटकसर करणाऱ्या बहुतेक घरांचं घोडं इथेच अडतं. काटकसर होते, पण वाचलेली रक्कम त्याच दिवशी उचलून दुसरीकडे ठेवली जात नाही. वर्षअखेरीला सगळे म्हणतात, एवढं मन मारलं आणि हातात काहीच नाही.

म्हणून खाली जे जे सांगितलंय, त्या प्रत्येकाचा दुसरा अर्धा भाग एकच आहे: वाचलं की हलवा. त्याच संध्याकाळी.

पण आधी किती जमवायचे ते ठरवू. इथे लोक प्रवास, राहणं आणि खाणं एवढं धरतात आणि थांबतात. राहून जातात ते खर्च असे: घरापासून स्टेशन किंवा विमानतळापर्यंतचं जाणं-येणं, जास्तीच्या सामानाचे पैसे, प्रवास विमा, लागत असेल तर व्हिसा, पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर त्याचं नूतनीकरण, मुलांचे लहान झालेले बूट, घरी कुत्रा-मांजर असेल तर त्याची सोय, तिथलं फिरणं आणि प्रवेश तिकिटं. आणि परत आल्यावरचा आठवडा, जेव्हा घरात काही नसतं आणि पगाराला अवकाश असतो. हे सगळं मांडून झालं की बेरजेवर आणखी दहा ते पंधरा टक्के चढवा. ही उधळपट्टी नाही. सहलीत काहीतरी चुकतंच, आणि ते चुकलेलं क्रेडिट कार्डावर जाऊ नये एवढ्यासाठी ही गादी.

आता बेरजेला महिन्यांनी भागायचं, हे सगळ्यांना सुचतं. फसगत तिथेच होते, कारण सहलीचे पैसे सहलीच्या दिवशी लागत नाहीत, आधी लागतात. आकड्यांत पाहू, चलन कोणतंही धरा. सहल बारा महिन्यांनी आहे, एकूण लागणार ९०,०००. त्यात प्रवासाची तिकिटं ३६,०००, राहणं २४,००० (त्यातले निम्मे आगाऊ), तिथला रोजचा खर्च २०,००० आणि गादी १०,०००. सरळ भागाकार केला तर महिना ७,५०० येतो. बरं वाटतं. पण गर्दीचा हंगाम आहे म्हणून तिकिटं आणि खोली पाचव्या महिन्यातच पक्की करायची ठरली, तर त्या दिवशी हातात हवेत ४८,००० आणि साठलेले असतील ३७,५००. तूट १०,५०० ची. ही तूट मग कार्डावर जाते आणि तिच्यावर व्याज चढू लागतं. त्यापेक्षा पहिले पाच महिने ९,६०० आणि पुढचे सात महिने ६,००० असं बांधलं तर बेरीज तीच राहते आणि एकही दिवस कोरडा जात नाही. पहिले पाच महिने ९,६०० झेपत नसतील तर ते आत्ताच कळलं हे उत्तम. सहल दोन महिने पुढे ढकला किंवा एक रात्र कमी करा. कागदावर हे दोन मिनिटांचं काम आहे, ऐन वेळी रडारड होते.

पगार दर दोन आठवड्यांनी, म्हणजे चौदा दिवसांनी, होत असेल तर वर्षात २६ पगार येतात, २४ नव्हे. घरखर्च महिन्याच्या दोन पगारांवर बसवलेला असेल तर ते वरचे दोन पगार कुठल्याच खर्चाला बांधलेले नसतात. कॅलेंडरवर ज्या महिन्यात तिसरा पगार पडतो तो आधीच खुणावून ठेवा. सहलीसाठी याहून सोपा पैसा नाही.

पैसे ठेवायचे कुठे? वेगळ्या खात्यात. त्याला डेबिट कार्ड नको, असलंच तर पाकिटात नको, आणि फोनवरच्या पैसे देण्याच्या अ‍ॅपला ते जोडायचं नाही. बँक खात्याला टोपणनाव देऊ देत असेल तर जिथे जायचंय त्या जागेचं नाव द्या. ‘बचत २’ मधून पैसे काढताना हात थांबत नाही, ‘समुद्र’ मधून काढताना थांबतो. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवसाचा ऑटो ट्रान्सफर लावा. त्याच दिवसाचा लावू नका, कारण पगार काही तास उशिरा आला तर ट्रान्सफर फसतो आणि काही बँका त्याचा दंडही लावतात. आवर्ती ठेव करत असाल तर तिची मुदत सहलीच्या तारखेला नाही, पहिल्या मोठ्या बुकिंगच्या आधी संपली पाहिजे. मुदतीआधी मोडली की व्याज कापलं जातं. आणि वर्षभरात लागणारे पैसे शेअर बाजारात घालू नयेत. वर जाईल की खाली हा प्रश्नच नाही, ज्या आठवड्यात तिकिटं काढायची त्याच आठवड्यात तो खाली असला तर वाट बघायला तुमच्याकडे वेळ नसतो.

सहलीच्या खात्यावर डल्ला पडतो तो बहुधा अचानक आलेल्या संकटामुळे नाही. तो पडतो विम्याच्या हप्त्यामुळे, गाडीच्या सर्व्हिसिंगमुळे, शाळेच्या फीमुळे. या सगळ्यांच्या तारखा वर्षभर आधी माहीत असतात, तरी दरवेळी घर दचकतं. मागच्या बारा महिन्यांची खात्याची पानं काढा, वर्षातून एकदा किंवा दोनदाच येणारे खर्च वेगळे लिहा, बेरजेला बाराने भागा आणि ती रक्कमही पगाराच्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्या कप्प्यात टाका. हे केल्याशिवाय सहलीचा कप्पा टिकत नाही. याआधी इतर काही करू नका असंही म्हणता येईल. तरीही कधी सहलीतून उचल घ्यावी लागलीच, तर ती उसनवारी म्हणून लिहा: किती, कधी, आणि कोणत्या पगारातून परत. तारखेशिवाय घेतलेली उचल परत येत नाही.

कार्डाची थकबाकी असेल तर मात्र सहल मागे. महिना ३ टक्के दर ऐकायला किरकोळ वाटतो, पण व्याजावर व्याज धरलं की वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातो. एका खिशात चार टक्क्यांनी साठवायचं आणि दुसऱ्या खिशातून बेचाळीस टक्क्यांनी द्यायचं, याला बचत म्हणत नाहीत. ‘आधी फिरा, मग हप्ते भरा’ या योजनांचंही तेच. १० टक्के सपाट दराने ६०,००० घेतले आणि बारा हप्त्यांत फेडले, तर हप्ता ५,५०० आणि व्याज ६,०००. दहा टक्केच की! पण ते साठ हजार वर्षभर तुमच्याकडे नसतात. दर महिन्याला मुद्दल घटत जातं, व्याज मात्र पूर्ण रकमेवर मोजलेलं असतं. खरा दर अठरा टक्क्यांच्या आसपास पडतो.

आता स्वयंपाकघर. घरखर्चात सगळ्यात जास्त हात मारता येतो तो इथेच, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

पहिलं काम स्वस्त आणायचं नाही, फेकणं थांबवायचं. फ्रिजच्या दारावर एक कागद लावा आणि चौदा दिवस जे जे टाकून दिलं ते लिहा: काय, अंदाजे किती, का. ‘का’ हा रकाना महत्त्वाचा. ‘मागे दडलं होतं’, ‘दोनदा आणलं’, ‘जास्त शिजवलं’, ‘कुणाला आवडलं नाही’ अशी तीन-चारच कारणं फिरून फिरून येतात. मागे दडत असेल तर फ्रिजचा एक कप्पा डोळ्यांच्या उंचीवर ‘आधी हे संपवा’ म्हणून राखा. दोनदा येत असेल तर बाजाराला जाण्यापूर्वी उघड्या फ्रिजचा आणि कपाटाचा फोटो काढा. यादीपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

मोठं पाकीट स्वस्त पडतं, हे अर्धसत्य. एक किलो १०० ला आणि दोन किलो १८० ला मिळत असेल तर सूट दहा टक्क्यांची आहे. म्हणजे दोन किलोतलं दोनशे ग्रॅम वाया गेलं की फायदा शून्यावर आला. पाव हिस्सा टाकावा लागला तर वापरलेला दीड किलो १८० ला पडला, किलोला १२०. लहान पाकीट शंभरला होतं! टिकणारं मोठं घ्या, नासणारं लहान घ्या, आणि दुकानात पाकिटाची किंमत बघू नका, किलोची किंवा लिटरची बघा. कधी कधी मधल्या आकाराचं पाकीटच सगळ्यात स्वस्त निघतं.

महिन्यातला एक आठवडा ‘घरात आहे ते’ असा ठेवा. ताजी भाजी, फळं, दूध एवढंच विकत, बाकी कपाटातून. नेहमीच्या आठवड्याच्या बाजारहाटातून या आठवड्याचा खर्च वजा करा. मात्र फरक लगेच हलवू नका. वर सांगितलेल्या नियमाला हा एक अपवाद. कारण पुढच्या आठवड्यात रिकामं कपाट भरायला दुप्पट सामान येतं आणि वाचलेलं सगळं परत जातं. महिना संपू द्या, महिन्याची बेरीज मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीशी लावा, आणि जो खरा फरक उरेल तो हलवा.

बाहेरून मागवणं बंद करू, असं ठरवून कुणाचं बंद होत नाही. मागवलं जातं ते चमचमीत खावंसं वाटतं म्हणून कमी आणि संध्याकाळी साडेसातला उभं राहवत नाही म्हणून जास्त. तेव्हा उपायही थकव्यावरच हवा. वीस मिनिटांत होणारे दोन पदार्थ ठरवून ठेवा, त्यांचं सामान कायम घरात, आणि ते घरातल्या निदान दोघांना करता यायला हवेत. एकाच माणसावर अवलंबून असलेली काटकसर त्या माणसाच्या पहिल्या तापात मोडते. महिन्यात चारदा मागवत असाल तर दोनदा ठेवा, शून्य करू नका. जी दोन वेळा टळली, त्या त्या रात्री नेहमीच्या बिलाएवढी रक्कम फोनवरूनच सहलीच्या खात्यात टाका, भांडी घासायच्या आधी.

विजेच्या बाबतीत दिवे मालवण्याचा फार गवगवा होतो. साठ वॉटचा जुना बल्ब काढून नऊ वॉटचा एलईडी लावला, तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला साधारण ९३ युनिट वाचतात; चांगलंच आहे, पण ते बहुतेक घरांत आधीच झालंय. खरा राक्षस गरम पाणी. शॉवरखाली दहा लिटरची बादली ठेवा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. ६७ सेकंद लागले तर मिनिटाला नऊ लिटर पडतंय. आठ मिनिटांची अंघोळ म्हणजे ७२ लिटर. ती पाच मिनिटांवर आणली की २७ लिटर वाचतात, आणि पाणी २५ अंशांनी तापवायचं असेल तर तेवढ्याला पाऊण युनिटहून थोडी जास्त वीज लागते. चौघांच्या घरात रोजची तीन युनिट. दिव्यांच्या मागे धावून वर्षभरात जे मिळतं ते इथे महिन्याभरात मिळतं. बादलीने अंघोळ करणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, ते आधीच जिंकलेत.

बिल कमी आलं हे कसं ओळखायचं? मागच्या महिन्याशी तुलना करू नका, ऋतू बदलतो. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, आणि रकमेची नाही, युनिटची, कारण दर मध्येच वाढलेला असतो. जेवढे युनिट कमी, गुणिले आताचा दर, तेवढी रक्कम बिल भरता भरता हलवा. दर टप्प्याटप्प्याने चढत असेल तर सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर धरा, कारण वाचलेले युनिट तिथलेच असतात.

सबस्क्रिप्शनचं काम तासाभरात उरकतं. बँकेच्या आणि कार्डाच्या नोंदींत मागचे तेरा महिने चाळा. बाराच का नाहीत? वर्षातून एकदा कापली जाणारी सबस्क्रिप्शनं बरोबर काठावर निसटतात. मालिका-सिनेमांच्या चार सेवा एकदम चालू ठेवायची गरज नसते. एका वेळी एक, दोन महिने बघा, बंद करा, दुसरी घ्या. फुकट चाचणीची सेवा ज्या दिवशी चालू केली त्याच दिवशी रद्द करून टाका, पुष्कळ ठिकाणी मुदत संपेपर्यंत ती चालूच राहते. फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, हा मात्र भ्रम आहे. पैसे कापले जात राहतात. रद्द केल्यावर तेवढीच रक्कम महिन्याच्या ऑटो ट्रान्सफरमध्ये वाढवा, नाहीतर ती सुटी होऊन बाजारात जाईल.

एक बावन्न आठवड्यांची पद्धत फार फिरते: पहिल्या आठवड्याला १, दुसऱ्याला २, असं बावन्नाव्याला ५२. बेरीज १,३७८. एक म्हणजे २० धरलं तर वर्षाला २७,५६०. ऐकायला गोड, चालवायला वाईट. पहिल्या तेरा आठवड्यांत फक्त १,८२० जमतात आणि शेवटच्या तेरांत ११,९६० मागितले जातात, म्हणजे एकूण रकमेचे त्रेचाळीस टक्के. नेमकं तेव्हाच सहलीची खरेदी चालू असते, उत्साह ओसरलेला असतो. त्यापेक्षा १ ते ५२ आकडे चौकटींत लिहून तक्ता भिंतीवर लावा आणि दर आठवड्याला परवडेल तो आकडा खोडा. पगाराच्या आठवड्यात ४८, तंगीच्या आठवड्यात ३. एकच अट: कोणताही आठवडा न खोडता जाऊ द्यायचा नाही, आणि पेन हातात घ्यायच्या आधी ट्रान्सफर झालेला असला पाहिजे. खोडायचं काम मुलांना द्या. सहा-सात वर्षांच्या मुलाला खात्यातली शिल्लक काही सांगत नाही, पण अजून किती चौकटी उरल्या हे बरोबर कळतं, आणि ‘आज मागवू या का’ या प्रश्नावर तेच आपणहून तक्त्याकडे बघू लागतं. मुलांच्या खाऊच्या पैशांना मात्र हात लावू नये. उलट सहलीतला एक दिवस किंवा एक गंमत त्यांच्या निवडीची ठेवा आणि तिची रक्कम आधीच सांगा, म्हणजे तिथे गेल्यावर प्रत्येक दुकानापुढे वाटाघाटी होत नाहीत.

नवरा-बायकोंनी दरमहा एक छोटी रक्कम प्रत्येकाच्या नावाने बाजूला ठेवावी, जिचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. हा लाड वाटेल. तो नसेल तर खरेदी चोरून होते, पावत्या लपतात, आणि मग वही खोटी पडते.

अडगळ विकून पैसे येतात, पण एका झपाट्यात विकायला हवी. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, मापं आणि दोष आधीच लिहा, तीन आठवड्यांत गेलं नाही तर किंमत उतरवा, तरीही नाही गेलं तर देऊन टाका. वर्षभर कोपऱ्यात विकायला म्हणून पडलेली सायकल ही बचत नव्हे, अडगळच.

उरला खुद्द सहलीचा खर्च. तारीख चार दिवस इकडे-तिकडे सरकवली, शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी निघालं, तर वर्षभराच्या काटकसरीएवढा फरक एका दमात पडू शकतो; म्हणून तारखा शाळेच्या सुट्टीत बसतात का एवढं बघून लगेच गोठवू नका, आधी दर बघा. परत न मिळणारं बुकिंग स्वस्त असतं, पण लहान मुलं असलेल्या घरात ते विचार करूनच घ्यावं, एका तापात सगळी रक्कम जाते. मुलांचं विमानाचं भाडं प्रवासाच्या दिवशीच्या वयावर ठरतं, बुकिंगच्या दिवशीच्या नाही. मांडीवर बसणारं बाळ सहलीत दोन वर्षांचं होणार असेल तर परतीला त्याला स्वतंत्र सीट घ्यावी लागते. परदेशात कार्ड मशीनने विचारलं की रक्कम तुमच्या देशाच्या चलनात कापू की इथल्या, तर इथल्याच सांगा. घरच्या चलनाचा पर्याय सोयीचा दिसतो, पण तो दर दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा ठरवते आणि तो बहुतेकदा महाग पडतो.

निघायच्या आधीचा आठवडा पुन्हा ‘घरात आहे ते’चा. फ्रिज रिकामा करा आणि गरम पाण्याच्या टाकीचं बटण बंद करा. निघायच्या दोन दिवस आधी एक जेवण जास्तीचं शिजवून फ्रीजरमध्ये टाका, उणे १८ अंशांवर ते तुम्ही येईपर्यंत नीट राहतं. परतीच्या रात्री बॅगा दारात पडलेल्या असताना, पोरं पेंगुळलेली असताना, तेच बाहेर काढून गरम करायचं.